नमुन्याचं ताट

५ मे २०१४, सोमवार
सॉल्टरबी

जोडी,

तुझ्या सुऱ्या अजून माझ्याकडेच आहेत. कपाट क्रमांक चौदा. निळी गुंडाळी, तिच्यावर तुझ्याच हाताने लिहिलेलं, "बॉरिल. हात लावाल तर बोटं जातील." तीन महिने झाले. ते कपाट रिकामं करून द्या म्हणून डेरेक लीक माझ्या मागे लागलाय. खातेप्रमुख झाल्यापासून त्याला रिकामी कपाटं फार आवडतात. सुऱ्या तू स्वतः घेतलेल्या, कॉलेजच्या नाहीत, त्यामुळे मी त्या कुणाला देऊन टाकू शकत नाही. येऊन घेऊन जा.

प्रिय-बिय लिहिलं नाही, कारण ते तुला खोटं वाटलं असतं.

फोन करता आला असता, पण शिक्षकांनी मुलांच्या खाजगी फोनवर बोलायचं नाही असा नियम आहे, आणि तू आता आमची विद्यार्थिनी नाहीस म्हटलं तर मला तुझा नंबर ठेवायचाही हक्क नाही. म्हणून पत्र. मी शेवटचं पत्र माझ्या भावाला लिहिलं होतं, तो कॅनडाला गेला तेव्हा. त्यानेही उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारचं पुन्हा उगाळत बसत नाही. परीक्षेचे नियम मी वर्गात शंभरदा सांगितले होते. प्रत्येकाने दोन ताटं करायची. एक आपल्या शिकाऊ हॉटेलात बाहेर जेवायला बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींसाठी, दुसरं नमुन्याचं. नमुन्याच्या ताटाला नावाची चिठ्ठी लावून ते फळीवर ठेवायचं. बाहेरचा परीक्षक येऊन बघणार, फोटो काढणार, गुण देणार, मग ते कचऱ्यात. तुझी चिठ्ठी फळीवर होती आणि ताट नव्हतं. मी विचारलं, "ताट कुठंय, बॉरिल?" तू म्हणालीस, "बिघडलं होतं, शेफ. टाकून दिलं." पोरं फिदीफिदी हसली. परीक्षकाने बघायच्या आत नमुना नाहीसा करणं म्हणजे लबाडी, असं नियमावलीत आहे. तेच मी कागदावर लिहिलं. एकवीस वर्षं मी पोरांना स्वयंपाक शिकवते आहे आणि आजवर कुणासाठी वेगळा नियम केलेला नाही.

आज सुट्टी आहे. मी सकाळपासून ओव्हन घासते आहे. तो स्वच्छच होता.

एक बातमी द्यायची होती. सप्टेंबरपासून कॉलेजातल्या सोळा ते अठराच्या मुलांनाही दुपारचं जेवण फुकट मिळणार आहे, ज्यांच्या घरी सरकारी मदत येते त्यांना. आजवर हे शाळेतच अकरावी-बारावी करणाऱ्यांना मिळायचं, आणि रस्ता ओलांडून आमच्याकडे सुतारकाम, केशकर्तन, स्वयंपाक शिकायला आलेल्यांनी मात्र हवा खायची. आता दोघांनाही मिळेल. तुला सांगायचं तसं काही कारण नाही. सगळ्यांनाच सांगते आहे.

सुऱ्यांचं बघ.

ग्लेनिस डॅनट


२० मे २०१४, मंगळवार
कपडे धुण्याच्या दुकानातून

जोडी,

माझं मशीन बंद पडलंय, म्हणून इथे बाकावर बसून समोर चादरी फिरताना बघते आहे. तीनदा उठले, तीनदा बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "बस चुकतेय का तुमची?"

काल बसथांब्यावर तू दिसलीस. म्हणजे मला तसं वाटलं. मी तरातरा गेले आणि म्हटलं, "काय गं, कपाट रिकामं करायला तुला निमंत्रणपत्रिका पाठवू का?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी ती नाही. मी कर्स्टी. शाळेतली."

तुम्ही जुळ्या आहात हे तू दीड वर्षात एकदाही बोलली नाहीस. चेहरा तोच, नाकाचा शेंडाही तोच. फक्त गाल तुझ्यापेक्षा भरलेले. ते मला पहिल्यांदा दिसलं, आणि मी म्हटलं, "पत्र मिळालं का तिला?"

"मिळालं. वाचलं आणि उशीखाली ठेवलं. उत्तर देणार नाही म्हणाली."

"का?"

"तुम्हीच ना त्या डॅनटबाई? लबाड लिहिणाऱ्या?"

मी बसचं वेळापत्रक वाचायला लागले.

मग तीच बोलत सुटली, आणि कुणाला तरी ऐकवायचं म्हणून बरेच दिवस साठवून ठेवल्यासारखी बोलली. "शाळेत मला रोज गरम जेवण. पेस्ट्रीत भाजलेला खिमा, बटाटे, वर कस्टर्ड. रस्ता ओलांडला की हिला काही नाही. एकच आई, एकच घर, एकच वाढदिवस. आई म्हणायची, एकीच्या पोटात गेलं की निम्मं दुसरीच्याही जातं. जातं होय?"

मी विचारलं, घरून डबा का नाही न्यायचा. ती हसली. "हिवाळ्यात सुट्टीवाल्यांची कॅराव्हॅनची छावणी बंद असते, आईला साफसफाईचं काम नसतं. पाव संपला की संपला."

नोव्हेंबरपासून ती आपलं अर्धं जेवण कागदी रुमालात बांधून कुंपणापाशी तुला आणून द्यायची, हेही तिने सांगितलं. एकदा तर कस्टर्ड आणलं होतं आणि ते कोटाच्या खिशात सांडलं. जानेवारीत शाळेच्या जेवणावरच्या बाईने पकडलं. जेवण हॉलच्या बाहेर न्यायचं नाही, असा तिकडचाही नियम. त्यानंतर दुपारी तुझ्या पोटात काही जात नव्हतं.

"आणि तिकडे तुम्ही लोक भरलेली ताटं कचऱ्यात टाकता," कर्स्टी म्हणाली, "आणि कुणी उचलून खाऊ नये म्हणून वर भांड्याचा साबण ओतता. ती सांगायची."

बस आली म्हणून बरं झालं.

साबण मीच ओतायचे, जोडी. ते काम मी कधी कुणा मुलावर सोपवलं नाही. हिरवा साबण, चार पिचकाऱ्या.

तू चव घेताना दोनाच्या जागी सहा चमचे घ्यायचीस, आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हणायचे, "बॉरिल, चव घेतेस की जेवतेस?" सगळे हसायचे. तूही हसायचीस. मला काय माहीत होतं?

चादरी झाल्या. जाते.

ग्लेनिस डॅनट


११ जून २०१४, बुधवार
दंतवैद्याकडे, नंबर यायची वाट बघताना

जोडी,

दाढ दुखतेय आणि माझ्या आधी चार जण आहेत. डोकं कुठेतरी गुंतवावं म्हणून लिहिते.

आज सकाळी फुकट जेवणाच्या कार्डांची बैठक झाली. डेरेकने दोन रंगांची कार्डं आणली होती. पैसे भरणाऱ्यांना निळं, फुकटवाल्यांना पिवळं.

"मोजायला सोपं जाईल," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मग गळ्यात पाटीच बांध ना, डेरेक. आणखी सोपं."

"ग्लेनिस, प्रत्येक गोष्टीत भांडायलाच हवं का?"

"सतरा वर्षांचं पोर पिवळं कार्ड काढण्यापेक्षा उपाशी राहील. तू सतरा वर्षांचा होतास की थेट पन्नाशीचाच जन्मलास?"

शेवटी सगळ्यांना निळं कार्ड ठरलं. कुणाचे पैसे कोण भरतंय ते फक्त यंत्राला कळणार. मी जिंकले. तुला सांगावंसं वाटलं, कारण वर्गात मला चिडलेलं बघून तुला आतून गंमत वाटायची. डोळ्यांत दिसायचं.

बैठक संपल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, जोडी बॉरिलला सप्टेंबरात परत दुसऱ्या वर्षाला घेता येईल का. डेरेकने कागद काढला. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेला शेरा आहे. तो शेरा असेपर्यंत तुझं नाव घालता येत नाही. बारा सप्टेंबरला, शुक्रवारी, नावं घालायची बंद होतात. तेवढ्यात शेरा निघाला नाही तर तुझं पहिलं वर्षही वाया, आणि पुढल्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात करायला तू वयात बसणार नाहीस.

"शेरा कोण काढू शकतं?" मी विचारलं.

"ज्याने लिहिला तो. नवीन काही कळलं असेल तर लेखी द्यायचं." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नवीन काही कळलंय का, ग्लेनिस?"

मी म्हटलं, नाही.

मला आत बोलावतायत. पुढे लिहायचं होतं, पण ते पुन्हा कधीतरी.

ग्लेनिस डॅनट


२ जुलै २०१४, बुधवार
समुद्राच्या भिंतीपाशी

जोडी,

वारा इतका आहे की कागदावर कोपर टेकून लिहावं लागतंय. घरी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. घरात मला स्वस्थ बसवत नाही. उठते, किटली लावते, चहा करते, न पिता ओतून देते, पुन्हा किटली लावते.

मागच्या पत्रात मी "मला काय माहीत होतं" असं लिहिलं. की त्याच्या आधीच्या? ते खोटं होतं.

कोठाराच्या दाराला गोल काच आहे. त्या गुरुवारी परीक्षक यायला अकरा मिनिटं होती. मी मीठ आणायला गेले आणि काचेतून बघितलं. पिठाच्या पोत्यांमध्ये तू उभी होतीस. नमुन्याचं ताट हनुवटीपाशी धरलेलं. दुधात शिजवलेला हॅडॉक, कुस्करलेला बटाटा, मटार, वरून पार्सलीचा रस्सा. वर्षातला सगळ्यात सुंदर मासा होता तो. चवीच्या चमच्याने तू भराभर खात होतीस. काटा लागला तेव्हा थांबलीस, तो बोटांनी काढून एप्रनच्या खिशात ठेवलास, आणि पुन्हा खायला लागलीस. तुझी मान खाली होती. तू मला बघितलं नाहीस.

भूक मी ओळखते. मी अशाच एका घरात वाढले, सहा भावंडांत पाचवी. माझ्यासारख्या बाईने तरी ती ओळखायला हवी होती असं म्हणू नकोस. ओळखली होती.

दार उघडायचं होतं, बास. "खा, आणि दुसरं कर" एवढं म्हणायचं होतं. फ्रीजमध्ये आणखी दोन मासे होते. दहा मिनिटांत तू दुसरं ताट केलं असतंस, तुझा हात मला माहीत आहे.

मी का नाही आले ते सांगते, ते पटेल असं मी म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी मी उरलेली कोंबडी मुलांना खाऊ दिली होती. एकाचं पोट बिघडलं. त्याच्या बापाने तक्रार केली. मला लेखी ताकीद मिळाली: परीक्षेचं किंवा विक्रीचं अन्न मुलांना खाऊ दिल्याचं पुन्हा आढळलं तर नोकरी जाईल. तेव्हापासून मी साबण ओतायला लागले. तुला खाताना "बघितलं" म्हटलं असतं, तर मला कळवावं लागलं असतं किंवा लपवावं लागलं असतं. न बघणं सोयीचं होतं. पेन्शनला अजून दोन वर्षं आहेत. आता कळलं तुला मी कशी आहे.

मग परीक्षक शेजारी उभा असताना मी तुला विचारलं, ताट कुठंय. मला माहीत असताना विचारलं. आणि तू माझी लाज राखावी तसं उत्तर दिलंस, बिघडलं म्हणून. तुला ठाऊक नव्हतं की मी बघितलंय. अजूनही कुणालाच ठाऊक नाही.

सुट्ट्या लागायच्या आत मी डेरेकला सांगते. शब्द देते.

कागद उडायला लागलाय.

ग्लेनिस


२९ ऑगस्ट २०१४, शुक्रवार
बाजारातल्या चहाच्या टपरीवर

जोडी,

नाही सांगितलं.

जुलैत डेरेक रजेवर होता. तो आला तेव्हा मी रजेवर गेले. परवा त्याच्या दारापर्यंत गेले, दारावर टकटक केली, आणि त्याने "ये" म्हटल्यावर विचारलं, बटाटे सोलायच्या नवीन सोलण्या आल्या का. त्याने हो म्हटलं. मी बाहेर आले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आणि सोलण्यांमागे लपते.

आता तुझी आई भेटली ते लिहिते. मासळीच्या गाळ्यासमोर. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं.

"तुम्हीच का त्या पत्रवाल्या?" तिचा आवाज सगळ्या बाजारात गेला. "मी मँडी बॉरिल. दर महिन्याला माझ्या पोरीला काय लिहिता एवढं? प्रेमपत्रं?"

मी म्हटलं, "तिच्या सुऱ्या माझ्याकडे आहेत." गुंडाळी माझ्या पिशवीतच होती. महिनाभर पिशवीत घेऊन हिंडते आहे, तुमच्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेले आहे. मी ती तिच्या हातात दिली. तिने वरचं तुझं अक्षर वाचलं आणि जराशी हसली, आणि मग हसल्याचा तिला राग आला.

"काय करायच्यात आता हिला सुऱ्या? पहाटे चारला फॅक्टरीत जाते, गोठवलेल्या माशाचे तुकडे पट्ट्यावरून पुढे ढकलते. घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. अंडं उकड म्हटलं तरी म्हणते, तू उकड. हीच पोरगी नऊ वर्षांची असताना टोमॅटोच्या डब्यातून मला सूप करून घालायची, वर पुदिना चिरून. आमच्याकडे पुदिना कुठून आला ते मला अजून माहीत नाही."

"मिसेस बॉरिल..."

"मँडी म्हणा. आणि मला दया दाखवायला येऊ नका. पोरीने चोरी केली असती तर मीच तिचा कान धरून तुमच्याकडे आणली असती. पण लबाड? ती लबाड नाही, बाई. भुकेली होती, तेही मला कर्स्टीकडून कळलं, नंतर. मला वाटायचं कॉलेजात स्वयंपाक शिकते म्हणजे खात असेलच काहीतरी. कुणालाही तेच वाटेल की नाही? दिवसभर जेवण रांधणारी पोर उपाशी असेल असं कुठल्या आईच्या मनात येईल?"

तिचे डोळे भरले. तिने ते भर बाजारात कोटाच्या बाहीने पुसले आणि मला दम दिला, "असं बघू नका माझ्याकडे."

जाता जाता म्हणाली, "तुमची पत्रं ती फाडत नाही. म्हणून बोलले, नाहीतर तुमच्या टोपीवर हे मासे ओतले असते." आणि आठ पावलं गेल्यावर वळून ओरडली, "पुढे लिहायचं असेल तर कामाचं लिहा!"

चहा गार झाला. चौदा दिवस उरलेत.

ग्लेनिस


९ सप्टेंबर २०१४, मंगळवार
कॉलेजच्या कॅन्टीनमधून

जोडी,

सांगितलं. आधी कामाचं लिहिते, मग बाकीचं.

तुझ्या कागदावरचा शेरा आज दुपारी तीन वाजता खोडला गेला. डेरेकने खोडला, मी सही केली, तारीख घातली. मासळीची परीक्षा तुला नोव्हेंबरात पुन्हा देता येईल. नाव घालायचा फॉर्म सोबत आहे. शुक्रवारी पाचपर्यंत येऊन द्यायचा. जेवणाचा फॉर्म वेगळा आहे, तोही सोबत आहे. त्यावर आईची सही लागेल आणि मदतीच्या पत्राची प्रत. निळं कार्ड मिळेल. सगळ्यांसारखंच.

आता बाकीचं. काल सकाळी मी दार वाजवलं नाही, सरळ आत गेले, नाहीतर पुन्हा सोलण्यांवर बोलले असते. उभ्यानेच सांगितलं, काच, अकरा मिनिटं, फ्रीजमधले मासे, सगळं.

डेरेकने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, "तू तिला खाताना बघितलंस आणि लबाडी असं लिहिलंस."

"हो."

"ताकिदीमुळे?"

"ताकिदीमुळे. आणि माझ्यामुळे. ताकीद काही माझा हात धरून लिहीत नव्हती."

"मला हे वर पाठवावं लागेल, ग्लेनिस. चौकशी होईल. पेन्शनचं काय होईल ते माझ्या हातात नाही."

"माहीत आहे."

"जूनमध्ये मी तुला विचारलं होतं."

"तेही माहीत आहे."

त्याने चष्मा काढला. मला वाटलं आता भाषण देईल. तो म्हणाला, "माझी धाकटी इथेच केशकर्तन शिकायची. दोन वर्षं. ती दुपारी काय खायची ते मी कधी विचारलं नाही." मग चष्मा लावला आणि कागद पुढे ओढला. डेरेकबद्दल मी आजवर जे जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते. निम्मंच.

चौकशी संपेपर्यंत मला शिकवता येणार नाही. वर्ग दुसऱ्या शेफकडे गेला, हल शहरातून आलाय, तरुण आहे, सॉसमध्ये लोणी जास्त घालतो, पण माणूस बरा वाटतो. मला कॅन्टीनच्या खिडकीत वाढायला उभं केलंय. आज पहिल्याच दिवशी सुतारकामाच्या मुलांनी तीनदा ताटं पुढे केली. एकाने विचारलं, "खरंच फुकट आहे? मागून बिल नाही ना येणार?" मी त्याला हाकलून दिलं आणि मग परत बोलावलं.

माफी मागायची राहिली. ती मी प्रत्येक पत्रात मागायला बसले आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी लिहिलं. मी तुझं वाईट केलं, जोडी. चुकून नाही, बघून केलं. मला त्याचं दुःख आहे, आणि ते तुझ्या काही कामाचं नाही हेही कळतं.

माझ्यासाठी येऊ नकोस. पण ये. शुक्रवार, पाच.

ग्लेनिस


१२ सप्टेंबर २०१४, शुक्रवार

शेफ,

सगळी पत्रं वाचली. सुऱ्या मिळाल्या. छोटीला धार नाही, कुणीतरी वापरलीय.

तुम्ही लिहिलंय की मी तुम्हाला बघितलं नाही. बघितलं होतं. काटा काढायला थांबले तेव्हा मान वर केली. काचेत तुमची टोपी होती आणि खाली तुमचे डोळे. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मला वाटलं, आता दार उघडणार. घास तोंडात तसाच ठेवून मी थांबले. मग टोपी गेली.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, शेफ चांगल्या आहेत. त्यांनी बघितलं आणि मला लाज वाटू नये म्हणून गेल्या. आता परीक्षकाला बाहेर चहा पाजतील, मला वेळ काढून देतील. म्हणून मी पळत जाऊन फ्रीजमधून दुसरा मासा काढला. दूध चुलीवर ठेवलं. तुम्हाला ते दिसलं नसेल, कोपऱ्यातली चूल होती. दूध तापत आलं होतं. तेवढ्यात तुम्ही परीक्षकाला घेऊन आत आलात, अकरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती, आणि सगळ्यांसमोर विचारलंत.

"बिघडलं" असं मी तुमची लाज राखायला म्हटलं नाही. दुसरं काही सुचलंच नाही. तुमच्याकडे बघत होते, तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून.

मी नापास झाले म्हणून गेले नाही. आईला वाटतं भुकेमुळे. भूक तर आधीपासून होती, तेव्हा कुठे गेले होते मी? मी रोज सात मैल येत होते. तुमच्यासारखी व्हायचं होतं मला, म्हणून. त्या दिवशी घरी जाताना तसं वाटेनासं झालं, म्हणून गेले.

आज पावणेपाचला फॉर्म दिला. फॅक्टरीतून सरळ गेले, अंगाला वास येत होता, मिस्टर लीकनी काही म्हटलं नाही. जेवणाचाही दिला. आईने सही करताना एवढंच विचारलं, "हे आधी का नव्हतं गं?" मला काय माहीत.

तुम्ही मिस्टर लीकना सांगितलंत ते बरं केलंत. मी माफ केलंय असं लिहीत नाही, कारण अजून केलेलं नाही. कधी करेन तेही ठाऊक नाही.

सोमवारी सव्वाबाराला मी तुमच्या खिडकीसमोर रांगेत असेन. ओळख दाखवू नका. बाकीच्यांना वाढता तेवढंच वाढा, चमचाभरही जास्त नको. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसेन.

मी खाताना माझ्याकडे बघू नका.

जोडी बॉरिल